‘फ्री’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



इयत्ता पाचवीच्या वर्गात इंग्रजीचा पाठ चालू आहे, अशी कल्पना करावी. फळ्यावर ‘द बर्ड इज फ्री’ असे वाक्य लिहिलेले आहे. गुरुजी अर्थ विचारतात. मागच्या ओळीतील एक मुलगा उत्साहाने हात वर करतो व सांगतो, “गुरुजी, पक्षी फुकट आहे.” सारा वर्ग हसतो. गुरुजींनाही हसू आवरत नाही.

परंतु क्षणभर विचार केला असता असे दिसून येईल की, मुलाचे उत्तर हास्यास्पद असले तरी निराधार नाही. ‘फ्री’ हा शब्द त्याला शाळेने शिकविण्यापूर्वीच बाजाराने शिकविलेला आहे. साबणाच्या वेष्टनावर ‘एकावर एक फ्री’ असे त्याने वाचलेले असते. मोबाईलच्या जाहिरातीत, आठवड्याच्या बाजारात व यात्रेतील दुकानांवर हाच शब्द त्याच्या कानी पडत असतो. या सर्व ठिकाणी त्याचा अर्थ एकच, पैसे पडत नाहीत. बाजाराने शिकविलेला अर्थ त्याने प्रामाणिकपणे पक्ष्याला लावला. चूक झाली ती एवढीच की, या शब्दाला दुसरेही अर्थ आहेत व ते अधिक जुने आणि अधिक मोलाचे आहेत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे हे सांगण्याची जबाबदारी आता प्राथमिक शिक्षकावरच येऊन पडली आहे. या एका शब्दाचा उलगडा नीट झाला, तर त्यातून भाषेचा एक चांगला पाठ तर होतोच, शिवाय ज्या शाळेत तो पाठ चालतो त्या शाळेचे स्वरूपही अधिक स्पष्ट होते. म्हणून प्रस्तुत विषयाची निवड केलेली आहे.

प्रथम शब्दाच्या कुळाकडे पाहू या. इंग्रजी ‘फ्री’ हा शब्द ज्या प्राचीन मुळापासून आला, त्याच मुळापासून संस्कृतातील ‘प्रिय’ हा शब्द आलेला आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. इंग्रजीतील ‘फ्रेंड’, म्हणजे मित्र, हा शब्दही याच कुळातील. ‘प्रिय’ पासून ‘स्वतंत्र’ असा अर्थ कसा निघाला? त्याचा उलगडा असा केला जातो की, प्राचीन काळी कुटुंबात दोन प्रकारची माणसे राहत. एक घरची, जिव्हाळ्याची, आपली म्हटलेली; आणि दुसरी दास म्हणून राबणारी. जी आपली, ती बंधनात नसत. त्यामुळे ‘आपला, प्रिय’ या अर्थाचा शब्द हळूहळू ‘दास नसलेला’ या अर्थाने रूढ झाला. लॅटिन भाषेतही असेच घडलेले दिसते. तेथे ‘लिबेर’ म्हणजे स्वतंत्र, आणि त्याचेच अनेकवचन ‘लिबेरी’ म्हणजे घरची मुले.

‘पैसे न पडता मिळणारे’ हा अर्थ पुष्कळ नंतरचा आहे. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. ‘मूल्यापासून मुक्त’ असा शब्दप्रयोग प्रथम होता. पुढे त्यातील ‘मूल्यापासून’ हे शब्द गळून पडले आणि नुसते ‘फ्री’ उरले. म्हणजे ज्या अर्थाने आज बाजार भरून गेला आहे, तो अर्थ या शब्दाच्या घरात सर्वांत शेवटी आला, असे म्हणावयास हरकत नाही. गंमत अशी की, इंग्रजीत ‘डिअर’ असा दुसरा एक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘प्रिय’ असाही होतो व ‘महाग’ असाही होतो. एका प्रिय शब्दाचा पुढे ‘फुकट’ झाला आणि दुसरा ‘महाग’ही आहे! शब्दाच्या मुळावरून त्याचा आजचा अर्थ ठरविता येत नाही, हे मुलांना पटविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आता आजचे अर्थ पाहावे. ‘द सीट इज फ्री’ म्हणजे जागा रिकामी आहे. ‘आय ॲम फ्री टुडे’ म्हणजे आज मला सवड आहे. हा अर्थ तर मराठी बोलण्यातही शिरलेला आहे, “सर आता फ्री आहेत का?” असे गावातील मनुष्यही सहज विचारतो. ‘शुगर-फ्री’ म्हणजे साखर नसलेले. ‘ड्यूटी-फ्री’ म्हणजे ज्यावर जकात लागत नाही ते. विमानतळावरील अशा दुकानातून वस्तू घेताना किंमत द्यावीच लागते. फुकट काही मिळत नाही. ‘फ्री स्पीच’ म्हणजे भाषणस्वातंत्र्य. ‘फ्री बुक’ म्हणजे विनामूल्य पुस्तक. सन १९४३ मध्ये सिंगापूर येथे सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा केली. त्यातील ‘आझाद हिंद’ या शब्दांचे इंग्रजी रूप ‘फ्री इंडिया’ असे होते. त्या ‘फ्री’साठी किती मोल द्यावे लागले, हे वेगळे सांगावयास नको.

एवढे निरनिराळे अर्थ मुलांनी पाठ करावेत काय? त्याची आवश्यकता नाही. या सर्व अर्थांच्या मुळाशी एक समान कल्पना आहे, ती म्हणजे ‘मोकळे असणे’. म्हणून हा शब्द समोर आला की विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारावेत, अशी सवय लावता येते. पहिला प्रश्न, कोण मोकळे? दुसरा प्रश्न, कशापासून मोकळे? पक्षी मोकळा, पिंजऱ्यापासून. जागा मोकळी, बसणाऱ्यापासून. मनुष्य मोकळा, कामापासून. देश मोकळा, परकीय सत्तेपासून. पुस्तक मोकळे, किमतीपासून. दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मराठी शब्द आपोआप सुचतो. पक्षी मुक्त, जागा रिकामी, मनुष्य सवडीत, देश स्वतंत्र, पुस्तक विनामूल्य.

या ठिकाणी मराठीची एक सोय लक्षात येते. इंग्रजी एकाच शब्दावर जे ओझे टाकते, ते मराठीने पुष्कळ शब्दांत वाटून दिलेले आहे. मुक्त, स्वतंत्र, मोकळा, रिकामा, खुला, मोफत, विनामूल्य, फुकट, माफ, इतके शब्द मराठी मुलाच्या हाताशी असतात. फ्रेंच भाषेतही स्वातंत्र्यासाठी ‘लिब्र’ व विनामूल्यसाठी ‘ग्रात्युई’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी एकच शब्द असल्यामुळे खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचाही घोटाळा होतो. त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण संगणकाच्या इतिहासात आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या एका प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे तज्ज्ञ काम करीत. सन १९८० च्या सुमारास त्या प्रयोगशाळेत एक नवे छपाईयंत्र आले. कागद अडकला की ते यंत्र थांबून राही, आणि दुसऱ्या खोलीत वाट पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नसे. आधीच्या यंत्राच्या बाबतीत स्टॉलमन यांनी त्याच्या आज्ञावलीत स्वतः भर घालून ही अडचण दूर केली होती. आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करावयाचे ते सांगणाऱ्या सूचनांचा संच, ज्यास सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात तो. नव्या यंत्राच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर मात्र त्यांना मिळेना. ज्याच्यापाशी तो होता, त्याने तो कोणासही न देण्याचे वचन दिलेले होते. यंत्र दारात, दुरुस्त करण्याची विद्या अंगात, आणि तरीही हात बांधलेले, अशी अवस्था झाली.

या अनुभवाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. सन १९८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला व १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. या नावातील ‘फ्री’चा अर्थ विनामूल्य असा नाही. त्यात वापरणाऱ्याची चार स्वातंत्र्ये अभिप्रेत आहेत: आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालविण्याचे स्वातंत्र्य, ती कशी चालते याचा अभ्यास करून तीत बदल करण्याचे स्वातंत्र्य, तिच्या प्रती दुसऱ्यास देण्याचे स्वातंत्र्य, आणि आपण सुधारलेली आवृत्तीही इतरांस देण्याचे स्वातंत्र्य. १९८९ मध्ये या स्वातंत्र्यांना कायद्याचे संरक्षण देणारा एक सर्वसामान्य परवानाही प्रसिद्ध झाला.

मौजेची गोष्ट अशी की, प्रारंभीच्या काळात स्टॉलमन आपल्या ‘फ्री’ आज्ञावलीची चुंबकीय फीत १५० डॉलर घेऊन पाठवीत असत. ज्याला ‘फ्री’ म्हणजे फुकट एवढेच ठाऊक, त्याला हे कोडेच वाटेल. परंतु वरील दोन प्रश्न लावून पाहावेत. कोण मोकळे? वापरणारा मनुष्य. कशापासून? तयार करणाराने घातलेल्या बंधनांपासून. किमतीचा येथे प्रश्नच नाही. तरीही लोकांचा गैरसमज होतच राहिला, आणि भाषणस्वातंत्र्यातला ‘फ्री’ घ्यावा, फुकट पेयातला घेऊ नये, असे त्या चळवळीच्या लोकांना वारंवार समजावून सांगावे लागले. पुढे १९९८ मध्ये काही मंडळींनी या घोटाळ्यातून वाट काढण्यासाठी ‘ओपन सोर्स’ असे वेगळेच नाव रूढ केले.

मराठीत हा घोटाळा फारसा झाला नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. इंग्रजीत जो ‘फ्री एन्सायक्लोपीडिया’ म्हणवितो, तो मराठीत ‘मुक्त ज्ञानकोश’ म्हणून ओळखला जातो. ‘मोफत ज्ञानकोश’ असे त्याला कोणी म्हणत नाही, व ते योग्यच आहे. कारण तो वाचण्यास पैसे पडत नाहीत हे खरे असले, तरी कोणीही त्यात भर घालू शकतो व त्यातील मजकूर अटी पाळून पुन्हा वापरू शकतो, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. अनेक शिक्षकांनी त्याच्या पदव्या घेतलेल्या आहेत. तेथे शुल्क द्यावे लागते, हे त्यांस ठाऊक आहेच. परंतु ते ‘मुक्त’ आहे, कारण वय, नोकरी व राहण्याचे ठिकाण यांची आडकाठी तेथे येत नाही. केरळ राज्यात शासकीय शाळांतील संगणकशिक्षण मुक्त आज्ञावलींवर उभारले गेले. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ या प्रकल्पातून ते काम वाढले व २०१७ मध्ये त्या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. तेथील लाभ दुहेरी आहे. परवान्याचा खर्च वाचला हा एक. आणि ती साधने आपल्या भाषेस व आपल्या शाळांस अनुरूप करून घेता आली हा दुसरा. पहिला लाभ ‘मोफत’चा व दुसरा ‘मुक्त’चा, हे भेद शिक्षकांनी ध्यानात ठेवावेत.

याच्या उलट बाजूही आहे. मोबाईलवर मुले जे खेळ व जी ॲप ‘फ्री’ म्हणून उतरवून घेतात, त्यांपैकी बहुतेकांना पैसे पडत नाहीत. येथे दोन प्रश्न लावले म्हणजे पहिल्याचे उत्तर मिळते, वस्तू किमतीपासून मोकळी आहे. पण वापरणारा मोकळा आहे काय? तो जाहिराती पाहतो. तो काय पाहतो, कोठे असतो, किती वेळ खेळतो, याची नोंद होत असते, व त्या नोंदीतून कोणाची तरी मिळकत होते. म्हणून येथे तिसरा प्रश्न जोडणे आवश्यक होते: खर्च कोणी उचलला? ज्या वस्तूला निर्माण करण्यास श्रम लागतात, तिचा खर्च कोणीतरी उचललेलाच असतो. तो कोणी व कोणत्या हेतूने उचलला हे समजले, म्हणजे ‘फ्री’ या शब्दाची खरी किंमत कळते. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. ती करावी लागली, यावरूनच हा प्रश्न किती गंभीर आहे याची कल्पना येते.

आता या तीन प्रश्नांसह ‘फ्री’च्या त्या अर्थाकडे वळावयाचे आहे, ज्याचा प्राथमिक शिक्षकाशी सर्वांत निकटचा संबंध आहे. तो म्हणजे ‘फ्री अँड कंपल्सरी एज्युकेशन’, मोफत व सक्तीचे शिक्षण. प्रथमदर्शनी हे दोन शब्द परस्परविरोधी वाटतात. जे ‘फ्री’, ते सक्तीचे कसे? आणि जे सक्तीचे, ते ‘फ्री’ कसे? या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांहून अधिक काळच्या इतिहासात आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले व निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड, अशी त्यात तरतूद होती. त्या काळी सक्ती पालकावर होती आणि मोफतचा अर्थ ‘फी नाही’ एवढा होता.

संविधानाच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांस दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले. ती मुदत १९६० मध्ये संपली. काम पुरे झाले नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षणास मूलभूत हक्काचे स्थान दिले. २००२ च्या शहाऐंशिव्या घटनादुरुस्तीने ‘एकवीस अ’ हा अनुच्छेद आला, २००९ मध्ये कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला.

या कायद्यात दोन्ही शब्दांचे अर्थ पुढे गेलेले आहेत, आणि हेच आजच्या विषयाचे मर्म होय. ‘सक्ती’ या शब्दाचा खुलासा कायद्याने असा केला आहे की, सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास शिक्षण उपलब्ध करून देणे, त्याचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता यांची निश्चिती करणे, हे शासनाचे बंधनकारक कर्तव्य आहे. जी सक्ती एके काळी प्रामुख्याने पालकावर होती, ती आता प्रथम शासनावर आली. शासनाच्या वतीने गावात जो उभा आहे तो शिक्षक. म्हणून तिचा काही भार त्याच्याही खांद्यावर आला. आणि ‘मोफत’चा अर्थ असा की, प्राथमिक शिक्षण घेण्यास व ते पूर्ण करण्यास ज्यामुळे अडथळा येईल अशी कोणतीही फी, आकार वा खर्च देण्यास बालक जबाबदार असणार नाही. आता पहिला प्रश्न विचारावा, कोण मोकळे? बालक. दुसरा, कशापासून? केवळ फीपासून नव्हे, तर वाटेत आडवा येणाऱ्या प्रत्येक खर्चापासून. पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी आणि विनामूल्य मिळालेले पुस्तक, हे ‘फ्री’चे दोन्ही अर्थ या एका ठिकाणी एकत्र आले आहेत. पैसा हाच येथे पिंजरा आहे. तो उघडला की बालक मुक्त होते. म्हणूनच ‘फ्री’ आणि ‘सक्ती’ यांत विरोध राहत नाही. मूल मोकळे राहावे, यासाठी मोठ्यांवर घातलेले ते बंधन आहे.

जुन्या शाळांतून ‘नादारी’ नावाची एक सवलत असे, हे वडीलधाऱ्यांस आठवत असेल. इंग्रजीत तिला ‘फ्रीशिप’ म्हणत. ‘नादार’ म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही असा. नादारी मिळविण्यासाठी पालकास आपल्या गरिबीचा दाखला आणावा लागे व मुलास ती लाजेने स्वीकारावी लागे. तीत फी माफ होई, पण मान वाकवावी लागे. आजच्या कायद्यातील ‘मोफत’ हा शब्द त्या नादारीचा वारस नाही. ती कृपा होती, हा हक्क आहे. श्रीमंताच्या मुलासही तो तितकाच आहे, आणि म्हणूनच गरिबाच्या मुलास त्याची लाज वाटण्याचे कारण उरलेले नाही.

खेदाची गोष्ट अशी की, गावोगाव आजही “फुकटच्या शाळेत काय मिळणार?” असे उद्गार ऐकू येतात. या वाक्यातील सारे विष ‘फुकट’ या शब्दात आहे. मराठीत ‘फुकट’ला दोन अर्थ आहेत. एक, पैसे न देता. आणि दुसरा, व्यर्थ. “मेहनत फुकट गेली” असे म्हणतात, ते या दुसऱ्या अर्थाने. जे फुकट मिळाले ते फुकट जाणारच, अशी समजूत भाषेतच रुजलेली आहे. तिला उत्तर देण्यास तिसरा प्रश्न उपयोगी पडतो: खर्च कोणी उचलला? २००४ पासून केंद्रीय करांवर २ टक्के शिक्षण उपकर घेतला जाऊ लागला. २०१८ पासून आयकरावर आरोग्य व शिक्षण यांसाठी मिळून ४ टक्के उपकर आहे. याखेरीज इतर करांतूनही शाळांवर खर्च होतो. बाजारात वस्तू घेणारा शेतमजूरही तिच्यावरील कर भरीतच असतो. म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा फुकट नाही. तिची किंमत सर्वांनी मिळून आधीच दिलेली आहे. बालकाने ती दारात पुन्हा द्यावयाची नाही, एवढेच. हे उत्तर शिक्षकाला पालकसभेत देता आले पाहिजे.

मात्र ते उत्तर देण्याचा अधिकार शाळेला आपल्या वागणुकीतून मिळवावा लागतो. समजा, स्नेहसंमेलनाच्या पोषाखासाठी मुलांनी काही रक्कम आणावी, असे वर्गात सांगितले गेले. रक्कम थोडीच आहे, सक्तीही नाही. परंतु दुसऱ्या दिवशी एक मुलगी शाळेत येत नाही. तिसऱ्या दिवशीही येत नाही. कोणी काही बोलत नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण तेवढी पडते. त्या दिवसांपुरती ती शाळा तिच्यासाठी मोफत राहिली काय? कागदोपत्री होय. कायद्याच्या अर्थाने मात्र विचार करावा लागेल, कारण जो खर्च आडवा आला, तो आडवा आलेलाच आहे. सहल, छायाचित्र, वही, पोषाख, अशा लहानसहान निमित्तांनी हा प्रसंग प्रत्येक शाळेत येऊ शकतो. वर्गणी मागण्यापूर्वी, जे मूल ती देऊ शकणार नाही ते उद्या कोठे असेल, एवढा विचार शिक्षकाने केला, तर पुष्कळ अनर्थ टळतील. अशा मुलाची व्यवस्था गाजावाजा न करता, शाळा व्यवस्थापन समितीच्या साह्याने आधीच करून ठेवावी. चारचौघांत दिलेली मदत म्हणजे पुन्हा नादारीच होय.

तीच गोष्ट पाठ्यपुस्तकांची व दुपारच्या भोजनाची. ही मोफत आहेत म्हणून ती कशीही वाटली तरी चालतात, अशी वृत्ती वाटणाऱ्याच्या मनात शिरू नये. पुस्तक मुलाच्या हाती देताना ते त्याचे आहे, त्याच्या हक्काचे आहे, हे देणाऱ्याच्या हातांतून दिसले पाहिजे. “फुकट मिळाले आहे, फाडू नकोस” असे म्हणण्याऐवजी “तुझे पुस्तक आहे, जप” असे म्हटले, तर अर्थ केवढा पालटतो!

शेवटी वर्गात करावयाच्या कामाविषयी. इयत्ता पाचवी ते आठवीच्या मुलांस आठवडाभर ‘फ्री’ हा शब्द जेथे दिसेल वा ऐकू येईल, ते वाक्य वहीत टिपून आणावयास सांगावे. दुकानाची पाटी, वेष्टन, मोबाईल, पाठ्यपुस्तक, घरातील बोलणे, काहीही चालेल. नंतर फळ्यावर तीन रकाने आखावेत: कोण मोकळे, कशापासून, खर्च कोणी उचलला. प्रत्येक वाक्य त्या रकान्यांत बसवावे व त्यापुढे योग्य मराठी शब्द मुलांकडूनच काढून घ्यावा. काही ठिकाणी तिसरा रकाना रिकामा राहील. पक्ष्याच्या मोकळेपणाचा खर्च कोणी उचलला, असा प्रश्न मुले विचारतील. विचारू द्यावा. काही ठिकाणी उत्तर ताबडतोब मिळणार नाही, तेथे ते शोधून आणण्यास सांगावे. एका तासात हे काम संपले नाही तरी हरकत नाही.

आणि ज्या मुलाने पक्षी फुकट आहे असे सांगितले होते, त्याला फळ्यापाशी बोलवावे व शेवटचे वाक्य त्याच्याकडूनच लिहून घ्यावे: ‘आमची शाळा मोफत आहे.’ कोण मोकळे, कशापासून, आणि खर्च कोणी उचलला, या तिन्ही रकान्यांत त्याने आपल्या हाताने उत्तरे भरली, म्हणजे त्या शब्दाचा पाठ पुरा झाला असे समजावे.